विविध तरंगलांब्यांमधून आकाशगंगेचे निरीक्षण

सूर्यमाला ज्या दीर्घिकेत आहे त्या आकाशगंगेचे निरीक्षण रेडिओ तरंगांपासून गॅमा किरणांपर्यंत विद्युतचुंबकीय वर्णपटाच्या सर्व भागांत केले जाते. मानवी डोळ्याला सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर एवढ्याच तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. आकाशगंगेच्या तबकडीत पसरलेली धूळ नेमका हाच प्रकाश मोठ्या प्रमाणावर अडवते. त्यामुळे पृथ्वीवरून दृश्य प्रकाशात आकाशगंगेचा जवळचा, लहानसा भागच नीट पाहता येतो आणि तिचा केंद्रभाग जवळजवळ पूर्णपणे झाकलेला राहतो. केंद्रातील कृष्णविवर, मध्यभागातील ताऱ्यांचा दांडा, तबकडीच्या वर-खाली फुगलेले प्रचंड बुडबुडे आणि थंड वायूचे वितरण या सर्व गोष्टी इतर तरंगलांब्यांच्या निरीक्षणांतून उघड झाल्या. हे बहुतेक संशोधन १९३० नंतरचे आहे.

दृश्य प्रकाशाची मर्यादा

आकाशगंगेचा दुधाळ पट्टा असंख्य मंद ताऱ्यांचा बनलेला आहे, हे गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहून १६१० मध्ये प्रसिद्ध केले. पुढे विल्यम हर्शेल याने आपली बहीण कॅरोलिन हिच्या साहाय्याने आकाशाच्या सहाशेहून अधिक भागांतील तारे मोजले आणि त्यावरून १७८५ मध्ये आकाशगंगेचा आराखडा मांडला. त्यात सूर्य जवळजवळ मध्यभागी होता. डच खगोलशास्त्रज्ञ याकोबुस काप्टेन याच्या १९२२ च्या प्रारूपातही सूर्य केंद्रालगतच होता. दोघांची मोजणी काटेकोर होती. परंतु ताऱ्यांमधील अवकाश पारदर्शक आहे असे गृहीत धरल्यामुळे निष्कर्ष चुकला. दाट धुक्यात उभ्या असलेल्या माणसाला चहूबाजूंना सारख्याच अंतरापर्यंत दिसते आणि आपण मैदानाच्या मध्यावर आहोत असे वाटते, तसाच हा प्रकार होता.

हार्लो शॅप्ली याने १९१८ मध्ये वेगळा मार्ग घेतला. गोलाकार तारकागुच्छ तबकडीच्या वर आणि खालीही आढळतात, म्हणून त्यांच्यापैकी पुष्कळ धुळीच्या पट्ट्याबाहेर दिसतात. हे गुच्छ आकाशात सर्वत्र सारखे विखुरलेले नसून धनू राशीच्या दिशेला त्यांची दाटी आहे. त्यावरून आकाशगंगेचे केंद्र त्या दिशेला, सूर्यापासून फार दूर असल्याचे त्याने दाखवले. दिशा बरोबर निघाली. अंतर मात्र जवळपास दुपटीने जास्त आले, कारण धुळीमुळे होणारा प्रकाशाचा क्षय शॅप्लीनेही हिशेबात घेतला नव्हता. हा क्षय रॉबर्ट ट्रम्पलर याने १९३० मध्ये सिद्ध केला. खुल्या तारकागुच्छांचे अंतर त्याने दोन रीतींनी काढले: एकदा ताऱ्यांच्या तेजावरून आणि एकदा गुच्छांच्या दृश्य व्यासावरून. दूरचे गुच्छ त्यांच्या आकाराच्या मानाने अधिकच मंद भरले. मधल्या अवकाशात प्रकाश अडवणारे काहीतरी आहे, याखेरीज त्याचा दुसरा अर्थ लागत नव्हता.

आज सूर्य केंद्रापासून सुमारे २६ ते २७ हजार प्रकाशवर्षे अंतरावर असल्याचे मानले जाते. धुळीचे कण अतिशय सूक्ष्म, बहुतेक एक मायक्रोमीटरहूनही लहान असतात आणि आंतरतारकीय द्रव्यात त्यांचे वस्तुमान वायूच्या सुमारे एक टक्काच असते. तरीही केंद्राच्या दिशेने त्यांचा एकत्रित परिणाम सुमारे ३० प्रतींचा आहे. केंद्रातून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांपैकी जेमतेम एक पृथ्वीपर्यंत पोहोचतो. हंस तारकासमूहापासून धनू राशीपर्यंत आकाशगंगेच्या पट्ट्याला दुभागणारी काळी चीर म्हणजे याच धुळीचे जवळचे ढग होत. ती ताऱ्यांमधील मोकळी जागा नव्हे. महाराष्ट्रातून मूळ नक्षत्राच्या परिसरात काळोख्या रात्री ही चीर नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते.

तरंगलांबी, तापमान आणि वातावरण

तापलेली वस्तू कोणत्या तरंगलांबीला सर्वाधिक प्रारण देते हे तिच्या तापमानावर ठरते. सुमारे ५,८०० केल्विन पृष्ठतापमान असलेल्या सूर्याचे महत्तम प्रारण ०.५ मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे दृश्य प्रकाशात असते. २० केल्विन तापमानाच्या धुळीचे महत्तम प्रारण १४५ मायक्रोमीटरच्या सुमारास दूर-अवरक्त भागात येते, तर काही लाख ते काही कोटी केल्विन तापलेला वायू क्ष-किरण देतो. प्रत्येक प्रारण मात्र तापमानातून निर्माण होत नाही. चुंबकीय क्षेत्रात वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन, अणुकेंद्रकांची टक्कर आणि किरणोत्सर्गी ऱ्हास हेही आकाशगंगेतील प्रारणाचे मोठे स्रोत आहेत. म्हणून तरंगलांबी बदलली की त्याच आकाशात वेगळे द्रव्य आणि वेगळी प्रक्रिया दिसू लागते.

पृथ्वीचे वातावरण यांपैकी दोनच मोठ्या खिडक्या मोकळ्या ठेवते: दृश्य प्रकाशाची आणि रेडिओ तरंगांची. अवरक्त किरण मुख्यतः पाण्याच्या वाफेत शोषले जातात, म्हणून अरुंद पट्ट्यांतून आणि उंच, कोरड्या ठिकाणांहून त्यांचे काही निरीक्षण करता येते. क्ष-किरण आणि बहुतेक अतिनील किरण जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. दृश्य प्रकाशानंतर रेडिओ खगोलशास्त्राचा क्रम का लागला आणि क्ष-किरणांना अग्निबाणांच्या युगाची वाट का पाहावी लागली, याचे कारण हेच आहे.

रेडिओ तरंग

आकाशगंगेचे अदृश्य प्रारण प्रथम सापडले ते दूरध्वनीच्या तक्रारींमुळे. अटलांटिकपार रेडिओ-दूरध्वनीत येणाऱ्या खरखरीचे कारण शोधण्याचे काम बेल प्रयोगशाळेने कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याकडे सोपवले होते. न्यू जर्सीतील होल्मडेल येथे त्याने फोर्ड मोटारीच्या चाकांवर फिरणारा मोठा अँटेना उभारला आणि सुमारे १४.६ मीटर तरंगलांबीवर नोंदी घेतल्या. जवळच्या आणि दूरच्या वादळांच्या खरखरीखेरीज एक मंद, सतत येणारी सरसर त्याला आढळली. तिचे शिखर दररोज चार मिनिटे लवकर येत होते. २३ तास ५६ मिनिटांचा हा कालावधी सूर्याचा नसून ताऱ्यांचा आहे हे लक्षात आल्यावर स्रोत सूर्यमालेबाहेर असल्याचे स्पष्ट झाले. स्रोताची दिशा धनू राशीची होती. हा निष्कर्ष त्याने १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. रेडिओ स्रोतांच्या तीव्रतेच्या एककाला पुढे त्याचेच नाव देण्यात आले.

व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांनी या शोधाकडे फारसे लक्ष दिले नाही. ग्रोट रेबर या हौशी अभियंत्याने मात्र १९३७ मध्ये इलिनॉय राज्यातील व्हीटन येथे आपल्या घराच्या अंगणात, स्वखर्चाने, नऊ मीटरहून थोड्या अधिक व्यासाची तबकडी बांधली. आकाशगंगेचे रेडिओ प्रारण उष्णतेमुळे असेल तर ते उच्च वारंवारतेला अधिक तीव्र असावे, या अपेक्षेने त्याने आधी ३,३०० आणि मग ९०० मेगाहर्ट्झवर शोध घेतला. काहीच मिळाले नाही. १६० मेगाहर्ट्झवर ते मिळाले. म्हणजे हे प्रारण उष्णतेचे नव्हते. आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सर्पिल मार्गाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे ते सिंक्रोट्रॉन प्रारण आहे, हा उलगडा १९५० च्या सुमारास झाला. या प्रारणाचा संपूर्ण आकाशाचा ४०८ मेगाहर्ट्झवरील नकाशा १९८२ मध्ये इंग्लंड, जर्मनी आणि ऑस्ट्रेलियातील दुर्बिणींच्या नोंदी जोडून तयार झाला. आजही तो संदर्भासाठी वापरला जातो.

रेडिओ खगोलशास्त्राचे सर्वांत फलदायी साधन ठरली ती हायड्रोजनची २१ सेंटिमीटर तरंगलांबीची वर्णरेषा. उदासीन हायड्रोजन अणूतील प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या फिरकीची परस्परदिशा उलटली की या तरंगलांबीचे प्रारण बाहेर पडते. एकट्या अणूत असे आपोआप घडण्यास सरासरी एक कोटी वर्षांहून अधिक काळ लागतो. परंतु आकाशगंगेत हायड्रोजन इतका विपुल आहे की ही रेषा सहज ओळखता येते. नेदरलँड्स जर्मनीच्या ताब्यात असताना, १९४४ मध्ये, यान ऊर्ट याच्या सूचनेवरून हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट याने तिचे भाकीत केले. २५ मार्च १९५१ रोजी हार्वर्ड विद्यापीठात हॅरॉल्ड यूइन आणि एडवर्ड पर्सेल यांनी प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर बसवलेल्या कर्ण्याच्या आकाराच्या अँटेनाने ती नोंदवली. काही आठवड्यांत नेदरलँड्समध्ये म्युलर आणि ऊर्ट यांनी व त्यानंतर ऑस्ट्रेलियातील गटाने त्यास दुजोरा दिला.

ही रेषा धुळीने अडत नाही, आणि तिच्या तरंगलांबीतील किंचित बदलावरून वायू जवळ येतो आहे की दूर जातो आहे हेही कळते. तबकडी केंद्राभोवती कशी फिरते हे ठाऊक असल्यास वेगावरून वायूचे अंतर काढता येते. या पद्धतीने नेदरलँड्समधून उत्तरेचे आणि ऑस्ट्रेलियातून दक्षिणेचे आकाश मोजून १९५८ मध्ये आकाशगंगेतील हायड्रोजनचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात सर्पिल फाट्यांसारख्या लांब रांगा दिसल्या. सूर्याच्या शेजारचे फाटे विल्यम मॉर्गन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तेजस्वी निळ्या ताऱ्यांवरून १९५१ मध्येच दाखवले होते. रेडिओ नकाशा तबकडीच्या पलीकडच्या बाजूपर्यंत गेला. मात्र पद्धतीत एक अंगभूत अडचण आहे. केंद्राच्या आणि त्याविरुद्ध दिशेला वायूची गती दृष्टिरेषेला आडवी असते, म्हणून तिथे अंतर निघत नाही आणि नकाशावर पाचरीसारख्या कोऱ्या जागा राहतात. शिवाय सूर्याच्या कक्षेच्या आत एकाच वेगाला दोन अंतरे जुळतात. आकाशगंगेच्या फाट्यांची संख्या आणि मांडणी यांवरील मतभेद इतका काळ टिकून राहिले, त्याचे एक कारण हे आहे.

तारे प्रत्यक्षात जन्मतात ते थंड, दाट ढगांत, आणि तिथे हायड्रोजन रेणूंच्या रूपात असतो. अशा तापमानाला हायड्रोजन रेणू जवळजवळ प्रारण देतच नाही. त्याचा माग कार्बन मोनॉक्साइडच्या २.६ मिलिमीटर तरंगलांबीच्या रेषेवरून काढतात. ती १९७० मध्ये मृग नक्षत्रातील तेजोमेघात सापडली. पॅट्रिक थॅडियस आणि टॉमस डेम यांच्या गटाने अमेरिकेतील आणि चिलीतील अवघ्या १.२ मीटर व्यासाच्या दोन दुर्बिणींनी आकाशगंगेच्या पट्ट्याचा संपूर्ण नकाशा २००१ मध्ये पूर्ण केला. उदासीन हायड्रोजन तबकडीच्या दूरच्या कडांपर्यंत पसरलेला आढळतो; रेणवीय वायू मुख्यतः सूर्याच्या कक्षेच्या आत एकवटलेला आहे.

मीटर तरंगलांबीच्या टोकाला चित्र पुन्हा बदलते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली जीएमआरटी ही दुर्बीण याच पट्ट्यासाठी आहे. तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात विखुरलेल्या आहेत. कमी वारंवारतेला आयनित वायू रेडिओ तरंग शोषू लागतो आणि एरवी तेजस्वी दिसणारे तेजोमेघ मागच्या सिंक्रोट्रॉन प्रारणासमोर सावलीसारखे दिसतात. म्हणजे धुळीला न जुमानणाऱ्या रेडिओ तरंगांनाही अडवणारे द्रव्य आकाशगंगेत आहे. केंद्रातील सॅजिटेरियस ए* हा स्रोत इतक्या कमी वारंवारतेला दिसतो की आयनित वायूत बुडून जातो, हा जुना प्रश्न होता. जीएमआरटीने ६०० मेगाहर्ट्झच्या आसपास तो टिपला; त्या निरीक्षणांचा शोधनिबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

अवरक्त किरण आणि केंद्राचा शोध

तरंगलांबी वाढत जाते तसा धुळीचा अडथळा कमी होतो. २.२ मायक्रोमीटरला केंद्रापासून निघालेल्या प्रकाशाचा सुमारे दहावा हिस्सा पृथ्वीवर येतो. या पट्ट्यात एरिक बेकलिन आणि गेरी नॉयगेबाउअर यांनी केंद्रातील दाट तारकासमूह प्रथमच नोंदवला आणि १९६८ मध्ये तो प्रसिद्ध केला. फेब्रुवारी १९७४ मध्ये ब्रूस बालिक आणि रॉबर्ट ब्राउन यांना त्याच भागात अतिशय लहान, तीव्र रेडिओ स्रोत आढळला. त्याला पुढे सॅजिटेरियस ए* हे नाव मिळाले. तो नेमका काय आहे हे रेडिओ निरीक्षणांवरून ठरत नव्हते. त्यासाठी त्याच्या भोवतीच्या ताऱ्यांची गती मोजणे आवश्यक होते, आणि ते तारे केवळ अवरक्त प्रकाशात दिसतात.

हे काम १९९० च्या दशकात दोन गटांनी स्वतंत्रपणे हाती घेतले. राइनहार्ड गेन्झेल यांच्या गटाने चिलीतील आणि अँड्रिया गेझ यांच्या गटाने हवाईतील दुर्बिणी वापरल्या. वातावरणामुळे होणारी प्रतिमेची थरथर दूर करण्याचे तंत्र विकसित झाल्यावर एकेका ताऱ्याची कक्षा रेखाटता आली. एस२ हा तारा सुमारे १६ वर्षांत केंद्राभोवती एक फेरी पूर्ण करतो. त्याच्या कक्षेवरून आतील वस्तूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४० लाख पट निघते आणि ते सूर्यमालेएवढ्या जागेत सामावलेले आहे. २००२ आणि २०१८ मध्ये हा तारा त्या वस्तूपासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १२० पट इतक्या जवळून गेला. अतिभारी कृष्णविवराखेरीज अन्य स्पष्टीकरण त्यानंतर टिकणे कठीण झाले. गेन्झेल आणि गेझ यांना २०२० च्या भौतिकशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. इव्हेंट होरायझन टेलिस्कोप या जगभर पसरलेल्या दुर्बीणजाळ्याने एप्रिल २०१७ मध्ये १.३ मिलिमीटर तरंगलांबीवर केलेल्या निरीक्षणांतून या कृष्णविवराभोवतीच्या तेजस्वी कड्याची प्रतिमा तयार झाली आणि १२ मे २०२२ रोजी जाहीर करण्यात आली.

आकाशगंगेच्या मध्यभागी ताऱ्यांचा लांबट दांडा आहे, हेही अवरक्त निरीक्षणांनी पक्के केले. केंद्राच्या एका बाजूचा फुगवटा दुसऱ्या बाजूपेक्षा किंचित मोठा आणि तेजस्वी दिसतो, कारण दांड्याचे एक टोक सूर्याच्या दिशेने कललेले आहे. १९८९ मध्ये सोडलेल्या कोबी उपग्रहाच्या चित्रांत ही विषमता दिसते. २००३ मध्ये सोडलेल्या स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने कोट्यवधी तारे मोजल्यानंतर २००५ मध्ये दांड्याची लांबी सुमारे २७ हजार प्रकाशवर्षे काढण्यात आली. जमिनीवरून १९९७ ते २००१ या काळात झालेल्या टूमास सर्वेक्षणाने सुमारे ४७ कोटी स्रोतांची यादी दिली. तिच्या आधारे बनवलेल्या चित्रात आकाशगंगा बाहेरून पाहिलेल्या दीर्घिकेसारखी, पातळ तबकडी आणि मधला फुगवटा अशी दिसते.

दूर-अवरक्त भागात मात्र तारे जवळजवळ नाहीसे होतात आणि धूळ स्वतःच चमकू लागते. ताऱ्यांचा शोषलेला प्रकाश ती उष्णतेच्या रूपाने परत देते. दृश्य प्रकाशात काळेकुट्ट दिसणारे ढग इथे सर्वांत तेजस्वी असतात. जानेवारी १९८३ मध्ये सोडलेल्या आयरास उपग्रहाने दहा महिन्यांत जवळजवळ सर्व आकाश पाहिले आणि तबकडीपासून दूरही धुळीचे विरळ, पिंजलेल्या कापसासारखे तंतू शोधले. २००९ ते २०१३ या काळात हर्शेल दुर्बिणीने ढगांतील तारे जन्मणाऱ्या तंतूंचे बारकावे टिपले, तर प्लांक उपग्रहाने धुळीच्या प्रारणाच्या ध्रुवणावरून आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवली. मूळ वैश्विक पार्श्वप्रारण मोजण्यासाठी पाठवलेल्या या उपग्रहाला आकाशगंगेची धूळ हा खरे तर हिशेबातून वजा करण्याचा भाग होता.

अतिनील आणि दृश्य प्रकाश

अतिनील प्रकाशात तरुण, अतितप्त तारे ठळक दिसतात. परंतु धुळीचा अडथळा इथे दृश्य प्रकाशापेक्षाही जास्त असतो आणि ९१.२ नॅनोमीटरच्या खाली उदासीन हायड्रोजनही प्रारण शोषतो. म्हणून तबकडीच्या खोलवरच्या अभ्यासासाठी हा पट्टा फारसा उपयोगी नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेल्या भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट वेधशाळेवर अतिनील आणि क्ष-किरण दुर्बिणी एकत्र बसवलेल्या आहेत. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका यांचा तिच्या उपकरणांत सहभाग होता. तिच्या अतिनील दुर्बिणीने धुळीच्या पट्ट्याबाहेरील गोलाकार तारकागुच्छांतील तप्त ताऱ्यांचा अभ्यास झाला आहे.

दृश्य प्रकाशाचे महत्त्व मात्र संपलेले नाही. डिसेंबर २०१३ मध्ये सोडलेल्या गाया उपग्रहाने सुमारे १८० कोटी ताऱ्यांची स्थाने मोजली आणि त्यांपैकी बहुतेकांची अंतरे व गतीही नोंदवल्या. इतर पट्ट्यांतील नकाशांना अंतराची मोजपट्टी बरीचशी यातूनच मिळते.

क्ष-किरण

सूर्यमालेबाहेरील क्ष-किरणांचा पहिला स्रोत १८ जून १९६२ रोजी काही मिनिटांच्या अग्निबाण उड्डाणात सापडला. रिकार्दो जॅकोनी आणि सहकाऱ्यांचा घोषित हेतू चंद्रावरून येणारे क्ष-किरण पाहणे हा होता. उपकरणाला दिसला तो वृश्चिक राशीतील अतितेजस्वी स्रोत. न्यूट्रॉन ताऱ्यावर सोबतच्या ताऱ्याचे द्रव्य पडून तो चमकतो. आकाशगंगेचे क्ष-किरण चित्र हे मुख्यतः अशा जोडताऱ्यांचे, अतिनवताऱ्यांच्या अवशेषांचे आणि तप्त वायूचे असते. मंद ऊर्जेचे क्ष-किरण तबकडीतील वायू शोषून घेतो, म्हणून त्या पट्ट्यात थंड ढग पुन्हा सावल्यांसारखे दिसतात. उच्च ऊर्जेचे किरण आरपार येतात.

तबकडीच्या मध्यरेषेवर क्ष-किरणांची एक अखंड, धूसर झळाळी दिसते. ती कोट्यवधी केल्विन तापलेल्या वायूची मानावी, तर इतका तप्त वायू आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणात टिकून राहू शकत नाही. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या नावाने १९९९ मध्ये सोडलेल्या चंद्रा वेधशाळेने केंद्राजवळचा एक लहान तुकडा सुमारे बारा दिवसांच्या एकूण निरीक्षणकाळात टिपला. त्यावरून २००९ मध्ये असे दिसले की त्या झळाळीचा बहुतांश भाग वेगवेगळ्या मंद स्रोतांचा, विशेषतः श्वेत बटू असलेल्या जोडताऱ्यांचा आहे. गॅलिलिओने दुधाळ पट्ट्याचे तारे वेगळे केले, त्याचीच ही क्ष-किरणांतील आवृत्ती म्हणता येईल.

केंद्रातील कृष्णविवर आज अत्यंत मंद आहे. त्याच्या शेजारचे रेणवीय ढग मात्र क्ष-किरणांत उजळलेले दिसतात आणि ती उजळणी वर्षागणिक ढगांतून पुढे सरकते. काहीशे वर्षांपूर्वी कृष्णविवराने टाकलेल्या तीव्र झोताचा हा परावर्तित प्रकाश आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो. ढगांपर्यंत जाऊन वळलेला प्रकाश थेट आलेल्या प्रकाशापेक्षा तेवढा उशिरा पोहोचतो. आयएक्सपीई या उपग्रहाने केलेले व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले ध्रुवणाचे मापन या स्पष्टीकरणाशी जुळते.

गॅमा किरण

गॅमा किरणांत आकाशगंगेची तबकडी संपूर्ण आकाशातील सर्वांत ठळक वस्तू असते. वैश्विक किरणांतील प्रोटॉन आंतरतारकीय वायूवर आदळून अल्पायुषी पायॉन निर्माण करतात आणि त्यांच्या ऱ्हासातून गॅमा किरण बाहेर पडतात. त्यामुळे गॅमा नकाशा २१ सेंटिमीटर आणि कार्बन मोनॉक्साइडच्या नकाशांशी बराच जुळतो. जो वायू दोन्ही रेडिओ रेषांत सुटून जातो, तोही इथे सापडतो. अ‍ॅल्युमिनियम-२६ या समस्थानिकाच्या १.८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या रेषेला वेगळे महत्त्व आहे. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे सात लाख वर्षे आहे. आकाशगंगेच्या वयाच्या मानाने हा क्षण म्हणावा लागेल. तो आज सापडतो यावरून ताऱ्यांमध्ये मूलद्रव्ये घडण्याची क्रिया अद्याप चालू असल्याचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

जून २००८ मध्ये सोडलेल्या फर्मी दुर्बिणीच्या नोंदींतून २०१० मध्ये केंद्राच्या वर आणि खाली प्रत्येकी सुमारे २५ हजार प्रकाशवर्षे पसरलेले दोन बुडबुडे सापडले. त्यांच्या कडा रेखीव आहेत. म्हणजे ते हळूहळू झिरपलेल्या वायूचे नसून केंद्रातील एखाद्या मोठ्या उद्रेकातून बनले असावेत. तो उद्रेक कृष्णविवराचा की ताऱ्यांच्या जन्माच्या एखाद्या लाटेचा, यावर एकमत नाही. इरोझिटा दुर्बिणीने २०२० मध्ये क्ष-किरणांत त्यांहून मोठे बुडबुडे दाखवले, आणि मीरकॅट या दक्षिण आफ्रिकेतील रेडिओ दुर्बिणीने २०१९ मध्ये केंद्रालगत काहीशे प्रकाशवर्षांची तशीच लहान जोडी शोधली. या रचनांचा परस्परसंबंध अजून निश्चित झालेला नाही.

चित्रांचे वाचन

अशा चित्रांतील रंग बहुतेक वेळा कृत्रिम असतात, कारण मूळ प्रारणाला डोळ्याच्या दृष्टीने रंगच नसतो. लाल, हिरवा, निळा हे अनुक्रमे लांब ते आखूड तरंगलांब्यांसाठी किंवा तीव्रतेच्या पायऱ्यांसाठी वापरतात. प्रत्येक चित्राची पद्धत वेगळी असू शकते. आकाशगंगेचा पट्टा आडवा ठेवून केंद्र मध्यभागी घेण्याचा प्रघात आहे, त्यामुळे एकाखाली एक ठेवलेल्या पट्ट्यांत तीच जागा उभ्या रेषेत तपासता येते. नासाने प्रसिद्ध केलेली अशी पट्ट्यांची मालिका शिक्षणासाठी बरीच वापरली जाते. वेगवेगळ्या दुर्बिणींची विभेदनक्षमता सारखी नसते, हे तुलना करताना लक्षात घ्यावे लागते: जुन्या गॅमा चित्रातील एक ठिपका अवरक्त चित्रातील हजारो ताऱ्यांएवढा असू शकतो.

आकाशगंगेआडचे आकाश

आकाशगंगेची धूळ तिच्या पलीकडचे विश्वही झाकते. तिच्या पट्ट्यालगत सर्पिल तेजोमेघ दिसत नाहीत हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते. ते आकाशगंगेचेच घटक असावेत, असा तर्क त्यावरून मांडला जाई. १९२० मध्ये शॅप्लीबरोबरच्या प्रसिद्ध वादात हेबर कर्टिस याने उलट बाजू घेतली: ते सर्वत्र आहेत, पट्ट्यातील द्रव्य त्यांना झाकते. कर्टिसचे म्हणणे खरे ठरले. १९६८ मध्ये पाओलो माफेई याने अवरक्त छायाचित्रांत या पट्ट्याआडच्या दोन दीर्घिका शोधल्या. ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीने २१ सेंटिमीटर रेषेवर केलेल्या सर्वेक्षणात दक्षिणेकडील पट्ट्याआड ८८३ दीर्घिका मोजल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश त्यापूर्वी कधीही पाहिलेल्या नव्हत्या. आकाशगंगेसह लाखो दीर्घिकांना आपल्याकडे ओढणारे महाआकर्षक हे क्षेत्रही याच दिशेला आहे.